परड्यातलं वरीस

आकाराम पोवाराला आपल्या परड्यात सीताफळाचं झाड आहे, हे वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. सीताफळं तो दरसाल खात होता. दिवाळीच्या आगेमागे बाळाबाई जेवणानंतर ताटलीत दोन ठेवायची, तो बिया थुंकत खायचा आणि बाजारातनं आणली असतील असं धरून चालायचा. झाड मात्र घरामागं, न्हाणीच्या भिंतीला लागून, चौदा वर्षं उभं होतं.

त्याला नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. हातकणंगल्याच्या अलीकडं, रेल्वे रुळापासून हाकेच्या अंतरावर त्याचं गाव. तिथनं सकाळी सहाला आधी सायकलनं, पुढं मोटारसायकलनं निघायचं, सातच्या ठोक्याला शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत कामाला उभं राहायचं आणि ओव्हरटाइम धरून घरी यायला दिवेलागण उलटून जायची. सुट्टीच्या दिवशी तो झोपायचा. अशी सव्वीस वर्षं गेली. घराला मागचं दार आहे ते आंघोळीला जाण्यासाठी, एवढीच त्याची समजूत होती.

त्याचं काम फेटलिंगचं. साच्यातनं निघालेल्या लोखंडाला वाळू चिकटलेली असते, कडांना धारदार झालर आलेली असते. ती ग्राइंडर लावून घासून काढायची. ठिणग्या पायाशी पडतात त्या दिसतात. वाळूचं पीठ होऊन हवेत तरंगतं ते मात्र पत्र्याच्या भोकातनं उन्हाची तिरीप आत आली तरच दिसतं. आकाराम तोंडाला रुमाल बांधायचा. सुट्टी झाली की रुमाल झटकायचा आणि त्यानंच तोंड पुसायचा. कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. घासलेल्या कास्टिंगवरनं डोळे मिटून बोट फिरवायचा आणि सांगायचा, हितं अजून केसभर राहिलंय.

खोकला लागला तेव्हा पहिल्या वर्षी कुणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या वर्षी टीबी म्हणून सहा महिने गोळ्या झाल्या. तोंडाची चव गेली, अंगावरचं मांस गेलं, खोकला होता तिथंच राहिला. तिसऱ्या वर्षी कोल्हापुरातल्या एका डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, "कामाला कुठं होता?" आकारामनं सांगितलं. डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला.

"आत वाळू बसलीय. सिलिकोसिस म्हणतात त्याला. बसलेली काढता येत नाही. नवी जाऊ द्यायची नाही, एवढंच आता आपल्या हातात."

"पर बरं कवा हुतील?" बाळाबाईनं विचारलं.

डॉक्टर खोटं बोलणारे नव्हते. त्यांनी फोटो पाकिटात घातला आणि तिच्या हातात दिला.

फौंड्रीत आकारामचं नाव ठेकेदाराच्या यादीत होतं. ठेकेदार म्हणाला, बरा झालास की ये. आठवड्यात यादीत दुसरं नाव लागलं.

हे सगळं वैशाखातलं. घरावर पत्रा, दुपारी आत भट्टी. बाळाबाईनं प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि परड्यात शेवग्याच्या सावलीला नेऊन ठेवली.

"हितं बसा. वारं लागंल. आन शेजारच्या कोंबड्या आल्या तर हाकला, समदं उकरून ठेवत्यात."

आकाराम बसला. समोर न्हाणीपाशी एक झाड होतं, अंगभर पोपटी कोवळी पानं आलेलं.

"ह्ये कसलं गं?"

"सीताफळ."

"आपलं?"

बाळाबाई हसली. पदर तोंडाला लावून खो खो हसली. मग त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि तिचं हसणं आपोआप थांबलं.

त्यानंतरचा महिनाभर काय तो बरा गेला, असं आकाराम पुढं कधीतरी म्हणाला होता. परडं केवढं, तर दीड गुंठा. त्यात शेवगा, लिंबू, पेरू, सीताफळ, न्हाणीचं पाणी जातं तिथं अळू, कुंपणाला जास्वंद, मधल्या जागेत बाळाबाईचा भाजीपाला. ती हातात खुरपं घेऊन काम करत राहायची आणि तो विचारत राहायचा. शेवग्याला पाणी जास्त झालं की नुसता पाला वाढतो, शेंगा धरत नाहीत. लिंबाला वर्षात तीनदा बहर येतो, पण तिन्ही धरू दिले तर झाड लवकर म्हातारं होतं. कोपऱ्यातल्या ज्या मोकळ्या मातीवर तो थुंकायचा, तिथं खाली हळद झोपलेली होती. "तितं नका थुकू," ती म्हणाली, "मिरगाला वर यील ती."

"तुला ह्ये समदं कुणी शिकवलं?"

"कोण शिकवणार? हितंच तर असतोय मी."

सव्वीस वर्षं ती इथं होती. संध्याकाळी जेवताना ती सांगायची सुद्धा, लिंबाला फूल आलंय, पेरूवर पोपट बसाय लागल्यात. तो "हं" म्हणायचा. त्याच्या कानात तेव्हा ग्राइंडर घुमत असायचा. आता कान मोकळे झाले होते तर छाती भरून आली होती.

त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहायला सुरुवात केली. 'लिंबू - फूल.' 'भारद्वाज दोनदा ओरडला.' 'पेरूला बोटाएवढी फळं.' बाळाबाई वाचायची आणि कधीमधी दुरुस्त करायची. "ती फळं न्हवं, कळ्या हैत."

मग ज्येष्ठात बाळाबाई कामाला जायला लागली. घरात दुसरं कमावणारं माणूस नव्हतं; एकुलती एक लेक स्नेहल लग्न होऊन कोडोलीला गेलेली, आणि होतं तेवढं शेत थोरल्या भावाकडं. दुसऱ्याच्या उसात भांगलायला, तण काढायला जावं तर बाळाबाईचे गुडघे बसू देत नव्हते. तिनं सांगितलं, "एमआयडीसीत कँटीन हाय. चपात्या लाटायच्या. बसून काम हाय." सकाळी पावणेसातला गल्लीच्या तोंडाशी टेम्पो यायचा, आठ-दहा बायका चढायच्या. संध्याकाळी सहाला सुटून त्याच टेम्पोनं परत.

आता परड्यात आकाराम एकटा. ज्या माणसाला परड्यातलं सगळं कळत होतं ते दिवसभर बाहेर, आणि ज्याला काडीचं कळत नव्हतं तो खुर्चीत.

पाऊस सुरू झाल्यावर खुर्ची पत्र्याच्या वळचणीखाली आली. आषाढात एके दिवशी जरा उघडीप मिळाली तेव्हा त्याला वाटलं, बसून राहण्यापेक्षा बाईचं तेवढं काम तरी हलकं करू. कोपऱ्यात टोकदार, सुरळी झालेली पानं वर आली होती, ओळीनं. बाळाबाईनं सांगितलेलं विसरून, तण समजून तो उपटत गेला. पाचव्या की सहाव्या कोंबाला त्याचा श्वास अडला. छातीवर कुणीतरी घण ठेवावा तसं झालं. चिखलातच गुडघे टेकून तो किती वेळ बसला ते त्याला कळलं नाही; उठला तेव्हा लुंगी चिखलानं माखलेली आणि हातात एक कोंब होता, मुळाशी पिवळाधमक गड्डा असलेला. वास आला तेव्हा त्याला उमगलं.

संध्याकाळी बाळाबाईनं तो ढीग बघितला. गड्डे निवडून घेतले, पावसाची भुरभुर चालू असताना डोक्यावर पोतं घेऊन एकेक परत मातीत दाबला.

"बोल की काय तरी," आकाराम दारातनं म्हणाला.

"काय बोलू? तुमी बसत जावा नुसतं."

तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. म्हणूनच त्याला ते जास्त लागलं.

त्यानंतर तो नुसता बसला. श्रावणात दोडक्याचा वेल मांडवावर चढला, संध्याकाळी उमलणारी त्याची पिवळी फुलं त्यानं मोजली. लिंबाच्या पानावर पाखराची शिट पडावी तशी अळी असायची. ती हलली म्हणून कळायचं की ही अळी आहे. आठ दिवसांत ती हिरवी व्हायची आणि पानंच्या पानं फस्त करायची. दारापासून लिंबापर्यंत बावीस पावलं. वैशाखात तो एका दमात जायचा. गौरीला तेरडा फुलला तोवर मध्ये शेवग्याला हात टेकून थांबावं लागायला लागलं. अळ्या वेचायला तो जाऊ शकत नव्हता, म्हणून त्या पानं खात गेल्या आणि तो ते बघत गेला. कॅलेंडरवर लिहिलं, 'लिंबू - शेंडे बोडके.' आता ते दुरुस्त करायला कुणी नव्हतं. बाळाबाई घरी येई तेव्हा अंधारलेलं असायचं, आणि सुट्टीच्या दिवशी ती झोपायची.

आल्या आल्या ती आधी न्हाणीत शिरायची. चहासुद्धा नंतर. डोक्यावरनं पाणी घ्यायची, लुगडं तिथंच पिळून टाकायची. आकारामला वाटायचं, दिवसभर चुलीच्या धगीत बसायचं म्हणजे अंग उकडून निघत असणार.

दसरा झाला, पाऊस आटोपला. न्हाणीचं पाणी अळवाकडं नेणारा जो चर होता तो पावसाळाभर वाहता असायचा, आता सकाळपर्यंत कोरडा पडायला लागला. एके दिवशी न्हाणीपर्यंत जाऊन परत फिरताना आकारामला दम लागला म्हणून तो धुण्याच्या दगडावर टेकला. नजर खाली गेली. चराच्या तळाला पिवळसर रेघ होती, थेट अळवाच्या बुडख्यापर्यंत गेलेली.

वाळू होती. नदीची वाळू अशी नसते. तिच्यात खडे असतात, शिंपल्याचा चुरा असतो, दाणा लहानमोठा असतो. ही चाळून घेतलेली होती, दाण्याला दाणा जुळणारी. त्यानं चिमूटभर उचलली आणि बोटांत घोळली. बोटांना लगेच कळलं. दाण्यावर चिकटाचा पातळ लेप होता. नाकाशी धरली तर जळक्या औषधासारखा तो वास.

कोअरची वाळू होती ती. लोखंडाचा भाग आतनं पोकळ राहावा म्हणून साच्यात वाळूचा घट्ट गाभा बसवतात, त्याला कोअर म्हणतात. कोअर करायच्या खात्यात बायका असतात. गाभा मोडू नये म्हणून हलका हात लागतो. दिवसभर त्या वाळू भरतात, कोअर काढतात, कानशीनं कडा साफ करतात आणि फुंकर मारून भुगा उडवतात.

आकाराम त्या दगडावरनं दुपारपर्यंत उठला नाही. ऊन डोक्यावर आलं, शेजारच्या कोंबड्या वाफ्यात शिरल्या, त्यानं हाकलल्या नाहीत. त्याच्या डोळ्यासमोर सगळे दिवस येत होते. ती आल्या आल्या न्हाणीत का जायची. तिच्या हाताला पिठाचा वास कधीच का नव्हता. एकदाही कँटीनमधली उरलेली चपाती तिनं घरी का आणली नाही.

संध्याकाळी टेम्पो वाजला. बाळाबाई घराच्या कडेनं मागं आली आणि त्याला दगडावर बसलेलं बघून थबकली. त्यानं तळहात पुढं केला.

"कँटीनात वाळूच्या चपात्या करतीस व्हय?"

तिनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"कवापास्नं?"

"पयल्या दिसापास्नं."

"आगं, तुला सगळं म्हाईत असून... डॉक्टर बोलला तवा तू हुतीस की तितं! माझ्या शेजारी हुतीस!"

"हुतो की. म्हणूनच सांगितलं न्हाई."

"उद्यापास्नं जायचं न्हाई. बास."

"बरं," ती म्हणाली. "मग कोण जाणार?"

आकारामनं तोंड उघडलं. शब्द यायच्या आधी खोकला आला. तो वाकून वाकून खोकत राहिला, आणि बाळाबाई शेजारी उकिडवी बसून त्याची पाठ चोळत राहिली. तिच्या हाताला तो वास येत होता. त्याला तो हात ढकलून द्यायचा होता आणि ढकलण्याइतकी ताकद त्याच्यात नव्हती.

पुढच्या सुट्टीला धम्मपाल आला. धम्मपाल आकारामच्या फौंड्रीत साचे भरायच्या मोल्डिंगला, वीस वर्षांचा सोबती; बाळाबाई जात होती तीही तीच फौंड्री. मधनंअधनं यायचा, येताना एखादं रोप आणायचा; या खेपेला शेवंतीची चार रोपं ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. आकारामनं बस सुद्धा म्हटलं नाही.

"तुला म्हाईत हुतं."

धम्मपालनं रोपं खाली ठेवली. "वयनीनं शपथ घातलीती."

"त्या शपथंला काय जाळायचंय? तिला हाकलून द्याचं, ठेकेदाराला सांगून. दोस्त म्हणवतोस!"

"हाकलून कुठं देऊ आकाराम? दुसऱ्या फौंड्रीत जाईल की ती. हितं निदान मी नजरंसमोर तरी हाय." तो जरा थांबला. "मास्कचं बोललोय मी साहेबाला. तपासणीला कोण आलं हुतं तवा आठ दिस वाटलं. नंतर संपलं म्हणं."

जाताना परड्याच्या दोन पायऱ्या चढून धम्मपाल दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. पाठमोरा होता, तरी त्याचे खांदे वरखाली होताना आकारामला दिसले. ते खांदे तो ओळखत होता.

"फोटो काढलास का रं?" त्यानं हळू विचारलं.

"काढलाय," धम्मपाल म्हणाला आणि मागं न बघता गेला.

दिवाळीला स्नेहल आली, कडेवर दीड वर्षाचं पोर घेऊन. तिला आईचं कळलं तेव्हा ती आईला खूप बोलली, मग रडली, मग म्हणाली, "दोघं माझ्याकडं चला." कोडोलीत तिचं घर म्हणजे सासू, सासरे, दीर, जाऊ. बाळाबाईनं तिच्या डोक्यावरनं हात फिरवला. "आठ दिस यीन म्हणलीस तर येतो. नवव्या दिशी काय करायचं त्ये सांग." स्नेहलनं जाताना सीताफळं उतरवली. या साली डोळे उघडायच्या आतच बरीचशी काळी पडली होती. खालनं कुजकी, वरनं कोरडी. निवडून सहा निघाली. आकाराम म्हणाला, मला नको, पोराला दे.

मग साखर कारखान्यांचा हंगाम लागला. आसपासच्या चिमण्या धुरावल्या आणि पहाटे परड्यावर काजळी उतरायला लागली. बारीक काळे कोळसे, कापसासारखे हलके. पेरूच्या पानावर, वाळत घातलेल्या कपड्यावर, अळवाच्या पानात साचलेल्या दवाच्या थेंबात. गावाला त्याचं काही नवं नव्हतं. थंडीच्या दिवसांत गावात सगळेच खोकतात. बाळाबाई खोकायला लागली ती त्या दिवसांत.

"काजळीनं हाय," ती म्हणाली.

"व्हय," आकाराम म्हणाला.

तिचा खोकला तो कान देऊन ऐकायचा. ओला आहे का कोरडा. सकाळी जास्त की कामावरनं आल्यावर. कॅलेंडरवर आता परड्यातलं काही उतरत नव्हतं. चौकटीत नुसत्या आडव्या रेघा असायच्या, तिच्या खोकल्याच्या. पौष संपायच्या आत त्याच्या नाकाला नळी लागली. दवाखान्यातनं हवेचं मशीन आणलं, ते भिंतीच्या बटणाला जोडलेलं असायचं आणि नळी जेमतेम मागच्या उंबऱ्यापर्यंत पुरायची. त्यामुळं खुर्ची उंबऱ्याच्या आत आली. दारातनं दिसेल तेवढंच परडं त्याच्या वाट्याला राहिलं.

त्या तेवढ्या तुकड्यात त्याला हळदीचा कोपरा दिसायचा. पानं पिवळी पडली, वाळली, कडेनं तपकिरी होऊन जमिनीवर लोळली. माघात हळद काढायची असते, हे बाळाबाईनंच त्याला वैशाखात सांगितलं होतं. ज्या सुट्टीला तिनं काढायचं ठरवलं, त्या दिवशी ओव्हरटाइमला बोलावणं आलं. पुढच्या सुट्टीला ती कुदळ घेऊन गेली. चार घाव घातले आणि कुदळीच्या दांड्यावर हात टेकून उभी राहिली. आकाराम आतनं बघत होता. तिची पाठ भिंतीसारखी ताठ होती, फक्त बरगड्यांपाशी लुगडं आत ओढलं जात होतं आणि सुटत होतं. फेटलिंगच्या माणसांना तो असं उभं राहिलेलं बघत आला होता. नव्या माणसाला तसं उभं राहायला दहा-बारा वर्षं लागायची. तिला वर्ष सुद्धा झालं नव्हतं.

"राहू दे," तो ओरडला. म्हणजे ओरडायला गेला. तिला ऐकू गेलं नाही. ती आत आली ती ओंजळभर हळद घेऊन. बाकीची तशीच जमिनीत राहिली.

"खोदायची सवं ऱ्हायली न्हाई," ती म्हणाली. "दम लागतोय."

"फोटो काढू या."

"कशाला? कळून काय करायचं हाय?"

तिनं बरोबर विचारलं होतं. त्याच्या स्वतःच्या फोटोनं काय फरक पडला होता?

फाल्गुनात सीताफळाची पानं गळून गेली. शेवग्याला या साली शेंगा लागल्या, पण उतरवायला कुणी नसल्यामुळं त्या झाडावरच जून झाल्या, वाळल्या आणि वाऱ्यानं फुटून बिया उडाल्या. पाण्याचा पाइप न्हाणीपाशी गुंडाळून पडलेला. बाळाबाई रोज म्हणायची, उद्या पाणी सोडतो. आणि रोज तिला भिंतीला टेकून डोळा लागायचा. धम्मपालची शेवंती थंडीत एकदा फुलली होती, तीही आता काडी झाली. लिंबू सगळ्यात शेवटी गेला. आधी पानं वळली, मग पिवळी पडली, मग शेंड्याकडनं फांद्या वाळत खाली आल्या. चैत्रातल्या एका दुपारी एक वाळकी फांदी आपोआप मोडून पडली आणि त्या आवाजानं आकाराम दचकला.

"मागलं दार लावून घेत जा," त्या संध्याकाळी त्यानं सांगितलं.

"उकाडा हुईल की."

"हू दे. मला नगं त्ये बघायला."

तिनं दार लावलं. त्यानंतर ते न्हाणीला जाण्यापुरतंच उघडायला लागलं.

त्या रात्री आकाराम पडल्या पडल्या एकाच गोष्टीचा विचार करत राहिला. तिला थांबवता येत नव्हतं. परडं जगवता आलं नव्हतं. या घरात बाळाबाईला जे येत होतं त्यातलं तो काहीच शिकला नव्हता, आणि त्याला येत होतं ते आता कुणाच्या कामाचं नव्हतं. मग त्याला वाटलं, एक गोष्ट मात्र कामाची आहे.

सकाळी बाळाबाई डबा भरत होती. त्यानं तिला जवळ बोलावलं.

"बस जरा. टेम्पोला येळ हाय अजून."

ती कॉटच्या कडेवर बसली.

"तितं मोठा पंखा असतोय बघ, खालचा. त्येच्याकडं तोंड करून बसू नगं. पाठ बी करू नगं. बाजूला बस, म्हंजे भुगा पुढनं निघून जाईल."

"बरं."

"कोअर साफ करताना फुंकायचं न्हाई. ओल्या फडक्यानं पुसायचं. मुकादम बोलला तर बोलू दे."

"बरं."

"झाडू मारायच्या आधी पाणी शिंपडायचं. कोण न्हाई शिंपडलं तर तू तेवढा येळ भायेर जाऊन हुबं ऱ्हा. डबा खात्यात बसून खायचा न्हाई. रुमाल घडी घालून तीन पदरी, वला करून बांधायचा, आन झटकायचा न्हाई, धुवायचा. पदर डोक्यावरनं घे. केसात लई बसतंय."

एवढं बोलायला त्याला चार वेळा थांबावं लागलं. प्रत्येक वेळी ती वाट बघत राहिली. लेकरानं धडा ऐकावा तशी ती ऐकत होती, मान हलवत, ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणत. तिच्या कानामागं, केसांच्या मुळाशी, कालच्या आंघोळीनंतरही पिवळसर काहीतरी राहिलेलं होतं. आकारामनं बोट नेऊन ते पुसलं.

"तुमी ह्ये सगळं करत हुतासा?" तिनं विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला. "मला कुणी सांगितलं न्हवतं."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. बाळाबाईनं रुमाल ओला केला, तीन घड्या घातल्या, डब्याच्या पिशवीत ठेवला आणि ती निघाली.